जिलेबी कमी पडली

"तारखेवरून नाही सापडणार, काका," आरोही म्हणाली. "या कॉम्प्युटरचा सेल गेला होता. बंद करून चालू केला की तारीख मागं जायची. यात निम्म्या गोरेगावचं लग्न एकाच दिवशी लागलंय."

उकंडराव हसले नाहीत. हा त्यांचा चौथा फेरा होता. सकाळच्या जीपनं उतरायचं, स्टुडिओतल्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसायचं आणि पडद्याकडं बघत राहायचं.

त्यांना मुलीचा एक फोटो हवा होता. शिवकन्या दोन महिन्यांपूर्वी पुण्यात काविळीनं गेली. सहा वर्षांपूर्वी तिच्या भावाच्या लग्नाचे फोटो आरोहीच्या वडिलांनी, जळबांनी काढले होते.

"तिची माय म्हणती, पोरीचा चेहरा आठवंना झाला," पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं. "डोळे मिटले की नुसती पाठमोरी वेणी दिसती म्हणती."

"घरी अल्बम असंल ना?"

"अल्बमात ती न्हाई."

"सख्ख्या भावाच्या लग्नात?"

"कामात होती."

"मग सासरी मागा. त्यांच्याकडं असतील."

"त्यांचं अन् आमचं बोलणं न्हाई." त्यांनी टोपी उलटी केली, परत सुलटी केली. "शाळेत जाऊन आलो. मास्तर म्हणले, जुने कागद वाळवीनं खाल्ले. आता तुमचाच दरवाजा राहिला."

आरोहीनं जवळच्या हिंगोलीत बी.एस्सी. केलं होतं. मागच्या दिवाळीत जळबा गेले आणि स्टुडिओ तिच्याकडं आला. सोबत आला तो त्यांचा पसारा. एक जुना कॉम्प्युटर, जो चालू व्हायला वीस मिनिटं घ्यायचा. दीडशे डीव्हीडी, ज्या घालायला नव्या लॅपटॉपला जागाच नव्हती. आणि एक हार्ड डिस्क. ती जुन्या कॉम्प्युटरला दिसायची नाही. लॅपटॉपला दिसायची, पण उघडायला गेलं की 'परवानगी नाही' अशी पाटी यायची.

"माझ्याच बापाच्या फोटोंना मलाच परवानगी नाही," ती पहिल्यांदा चिडून म्हणाली होती.

तिनं एक वही केली होती. तपासलेल्या प्रत्येक डीव्हीडीचा क्रमांक त्यात लिहिला जायचा. एकशे सत्तेचाळीस झाल्या. तीन वाचल्याच गेल्या नाहीत.

"माय, एक विचारू?" उकंडराव म्हणाले. "जळबाभाऊ काही पुसत नव्हता ना?"

"बाबा? एक फोटो पुसायला त्यांचा हात धजत नव्हता. डोळे मिटलेले, डोकं कापलेले, सगळे ठेवायचे. म्हणून तर हा उकिरडा झालाय."

"बराबर," ते म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं, "म्हणजे काहीच पुसत नव्हता?"

"काहीच नाही, काका."

ते जरा ताठ बसले.

आज तिनं मैत्रिणीच्या भावाचा लॅपटॉप मागून आणला होता. त्यात वेगळीच सिस्टीम होती. तिनं डिस्क जोडली. काही न विचारता डिस्क उघडली. आत सातशे फोल्डर होते. एकावरही नवरा-नवरीचं नाव नव्हतं. वांगं तिखट. बुंदी गरम. वरण पातळ. पंगत उशिरा.

आरोही बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं. बाबा कुठलंही लग्न जेवणावरूनच आठवायचे.

"काका, लग्नात जेवायला काय होतं?"

"फोटो पाहिजे मला, माय. ताट न्हाई."

तिनं फोल्डरची नावं वाचून दाखवली. चार फेऱ्यांत पहिल्यांदा त्यांच्या मिशा हलल्या.

"जिलेबी होती. शेवटच्या पंगतीला कमी पडली. याह्यानं, पोराच्या सासऱ्यानं, चार माणसांत ऐकवलं मला. तर आमच्या शिवकन्यानं आपल्या पानातली उचलून त्याच्या लेकराच्या पानात टाकली. म्हणली, 'मामा, आता मोजा.'" ते हसले आणि मधेच थांबले. "लई तिखट होती."

खाली तिसऱ्या ओळीत फोल्डर होता. जिलेबी कमी पडली. चारशे बारा फोटो.

"सापडलं, काका."

ते उठून तिच्या खुर्चीमागं आले. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता.

हळद. वरात. मांडव. नवरदेव शिवशंकर बाशिंग बांधून. उकंडराव काळ्या मिशांचे. आरोही एकेक फोटो पुढं करत गेली.

"यात कुठली?"

त्यांनी 'पुढं' म्हणून हात केला.

पन्नासाव्या फोटोपाशी ती थांबली. मांडवातल्या मागच्या कापडावर एकच फूल तीनदा आलं होतं, हुबेहूब, त्याच चुरगळीसकट. पुढच्या फोटोत नवरदेवाशेजारी तांब्याची घागर होती, आणि तिच्याशेजारी तीच घागर. तिनं मोठा करून पाहिला. कडा मऊ होत्या. कुणाला तरी पुसून जागा भरल्याचं बाबांचं काम. त्यांनी फार निगुतीनं केलं होतं.

घरच्यांच्या फोटोत शिवकन्याची आई द्वारकाबाई मधोमध बसल्या होत्या. त्यांच्या डाव्या खांद्यावर चार बोटं होती. त्यामागं हात असायला हवा होता. तिथं भिंत होती.

आरोहीनं भराभर सगळे फोटो पाहिले. मूळ एकही नव्हता. शेवटचा फोटो लग्नाचा नव्हताच. ऑर्डरच्या कागदाचा होता, जळबांच्या अक्षरातला, वर लिहिलेल्या तारखांप्रमाणं लग्नानंतरच्या नवव्या दिवसाचा.

'शिवकन्या मनानं लग्न करून गेली, आमची राहिली नाही. सर्व फोटोंतून काढणे. मूळ फोटो पुसून टाकणे.' खाली सही.

तिनं पडदा झाकायला हात पुढं केला, पण उकंडराव आधीच वाकून वाचत होते.

"सही माझीच हाय, माय," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, जळबाभाऊनं माझं ऐकलं नसंल."