ढाल कुणाच्या कौलांवर

निळा रंग ढवळून झाला, शिडी भिंतीला लागली, आणि सिपोराबाई येऊन शिडीच्या खालच्या पायरीवर बसल्या. अशा बसल्या, की वर चढायचं तर पहिला पाय त्यांच्याच डोक्यावर द्यावा लागला असता.

"आजी, उठा की," प्रविण म्हणाला. जिल्ह्याच्या कचेरीतून आलेला हा अधिकारी सकाळपासून उन्हात होता आणि अजून नम्र होता. नोकरी नवीन असावी.

"उठते ना. आधी सांग, काय काढणार वर?"

त्यानं पुन्हा सांगितलं. सीमेवर विमानं उडतायत. आपण रोह्याच्या अलीकडे, कारखाने हाकेच्या अंतरावर, बॉम्ब कुठे पडेल नेम नाही. जगातल्या देशांनी मिळून ठरवलंय, की जुन्या मोलाच्या वास्तूवर निळी-पांढरी ढाल रंगवलेली दिसली तर ती वास्तू सोडून द्यायची. या खाडीकाठच्या गावात तसली वास्तू एकच, ज्यू लोकांचं हे कौलारू प्रार्थनालय.

"आणि ते सोडतात?"

"करारावर सही आहे त्यांची."

"सही तं माज्या जावयानं पन केलीवती, दारू सोडतो म्हनून," शेजारच्या ओट्यावरून धोंडुबाई म्हणाली. मिठागरात उमर गेलेली बाई, पुढ्यात सुपात सुका जवळा निवडत होती. दोन्ही कान मात्र इकडे.

सिपोराबाई हसल्या नाहीत. गावात ज्यू म्हणून त्या एकट्याच उरलेल्या. बाकीची घरं एकेक करून इस्रायलला गेली आणि जाताना किल्ली यांच्या कनवटीला लावून गेली. आत कातड्यावर हातानं लिहिलेल्या धर्मग्रंथाची गुंडाळी होती. तिला काही झालं तर जाब देणारं दुसरं कुणी नव्हतं.

"साहेब, आम्ही इथं एवढी वर्षं टिकलो ते कुणाच्या डोळ्यांत आलो नाय म्हणून. तुमची ढाल बघून ज्याला ठाऊक नव्हतं त्यालाही कळेल, इथं काय तरी मोलाचं हाय. खूण वाचवते, तशी दाखवतेपण."

प्रविण ढाल रंगवायला आलेल्या नमिताकडे बघायला लागला. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारी ही पोरगी; हात जराही कापत नाही म्हणून तिला आणलेली. काम सुरू होईना, म्हणून ती ब्रश धरून दाराकडे बघत उभी होती.

"काकी, हा हात कसला?"

चौकटीच्या वर कागद चिकटवलेला होता आणि त्यावर तपकिरी पडलेला एक पंजा.

"बोकडाच्या रक्ताचा. माझाच हात. पेसाहच्या सणाला लावतो. आमचे लोक मिसर देशात गुलाम होते, तेव्हा एका रात्री मरण घरोघर फिरलं. ज्या दाराला रक्त लावलेलं, ते दार टाकून पुढं गेलं."

प्रविणचा चेहरा उजळला. "मग आजी, हे तेच की. दारावरची खूण चालते, आणि कौलांवरची नको?"

"धरली गो तुला साहेबानं," धोंडुबाई म्हणाली.

धरलीच होती. सिपोराबाईंनी पदरानं तोंड पुसलं, पण पायरी सोडली नाही.

"बरं, तिचं झालं," धोंडुबाईनं सूप आपटलं. "माजं काय? आमची मदली भीत एकच हाय. बॉम्ब भितीपरत येल नि थांबंल?"

हेही खरं होतं. प्रार्थनालयाची राखण करणारा पूर्वी ज्या खोल्यांत राहायचा, त्याच खोल्यांत तो देश सोडून गेल्यापासून धोंडुबाईचं बिऱ्हाड होतं. आढं एक, कौलं एक, मध्ये नुसती भिंत.

"मावशी, तुमचं घर वारशात येत नाही."

"मंग कशात येतंय?"

प्रविणनं कागद चाळल्यासारखं केलं.

"साहेब," सिपोराबाई हळूच म्हणाल्या, "त्या रात्री बिनखुणेच्या घरांतली थोरली पोरं गेली. आमच्या शेजारचीच असणार ती. सण आम्ही आमची वाचली म्हणून करतो." मग त्यांनी हनुवटीनं धोंडुबाईचं दार दाखवलं. "हिचा थोरला हरेश. कंपनीतली शिफ्ट करून आलाय. आत हाय."

धोंडुबाईचा हात जवळ्यात तसाच राहिला.

सिपोराबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि शिडीपासून बाजूला झाल्या.

"चढ गो नमिता. मधोमध काढ."

"कशाच्या मधोमध, काकी?"

"मधल्या भिंतीच्या डोक्यावर. अर्धी इकडं, अर्धी तिकडं."

"असं नाही चालणार," प्रविण म्हणाला. "ढाल वास्तूवरच पाहिजे."

"अर्धी हाय की वास्तूवर. आणि भिंत खाली हाय, साहेब. वरनं दिसते का भिंत?"

प्रविण मोबाईल घेऊन मागे रस्त्यापर्यंत गेला. अहवालाला फोटो लागणार होता. या कोपऱ्यातून बघितलं, त्या कोपऱ्यातून बघितलं. नुसतं प्रार्थनालय कुठूनच येईना, धोंडुबाईचं दार सोबत यायचंच. शेवटी त्यानं मोबाईल खिशात ठेवला आणि नमिताला मान हलवून वर जायला सांगितलं.

तिनं रंगाचा डबा कमरेला बांधला. शिडी एका बाजूनं सिपोराबाईंनी धरली. धोंडुबाई सूप ठेवून आली आणि दुसऱ्या बाजूनं तिनं धरली. नमिताचं पहिलं पाऊल कौलावर पडलं तसं कौल करकरलं.

"हलू चाल गो पोरी," धोंडुबाई खालून म्हणाली. "आत पोर निजलाय."