मतदान झाल्यावर

माळावरच्या वणव्यात वस्ती जळाली, तेव्हापासून मायाक्का बाकीच्या घरांबरोबर गावातल्या शाळेत राहत होती. रविवारी लेक पूनम सोलापूरहून औषधं आणि दोन लुगडी घेऊन आली. धुरानं धरलेली छाती चोळत म्हातारी आपणहूनच म्हणाली, "मतदान झाल्याबिगर मी कुटं येत न्हाय बग. कारड जळलं, नाव न्हाय जळलं की!"

शेजारच्या बायका हसल्या. पूनमही हसली. सोलापूरच्या दोन खोल्यांत सहा माणसं, त्यात आईला कुठं ठेवायचं, हा प्रश्न निदान तीन आठवडे पुढं गेला होता.

मंगळवारी दम लागला आणि मायाक्का गेली.

मतदानाच्या दिवशी पूनम पुन्हा आली. ज्यांची कार्डं जळाली होती, त्यांची नावं यादीत शोधून द्यायला लिहितं-वाचतं माणूस हवं होतं. सगळ्यांची सापडली. मग तिला आईचंही नाव एकदा वाचावंसं वाटलं, तर ते कुठंच दिसेना. तिनं तिसऱ्यांदा पानं उलटली, तसा बिरप्पा चुलता जवळ आला.

"हितं नगं शोधू, पोरी. डोळ्याच्या आपरेशनला तुज्याकडं व्हती, तवाच तिनं नाव सोलापूरला नेलं. म्हनली, आता लेकीकडंच ऱ्हायचं हाय."



यादी मिटून, भरल्या रांगेसमोर पूनम मोठ्यानं म्हणाली, "आई, घरी चल."