मागच्या मागे

वालीवच्या कारखान्यात वीज जाऊन परत यायची, पण मेल बंदच राहायचे. म्हणून तिथले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सुमेधने मेल सर्व्हरच्या सगळ्या सर्व्हिसेस अशा बसवल्या, की वीज आली की त्या मागच्या मागे आपोआप सुरू व्हाव्यात. मालक भूपेशशेठ खूश झाले.

खंडेनवमीला दुपारी शेठचा फोन आला. "वर्षाचं सगळ्यात मोठं कोटेशन पाचपर्यंत पोचायला हवं, आणि मोबाइलवरून मेल जातच नाही. ते पोचलं नाही, तर उद्या सोनं द्यायला ये आणि तसाच कायमचा घरी जा."

सुमेध धावत आला. सर्व्हरला हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचा हार आणि प्लग काढून बाजूला ठेवलेला.

"शेठ, हा बंद कोणी केला?"

"मीच. आज यंत्र चालवायचं नसतं, एवढं कळत नाही?"

"मग मेल कसा जाणार?"

"मागच्या मागे, आपोआप! तूच म्हणाला होतास ना?"

पाचला दहा मिनिटं उरली तेव्हा शेठनी सर्व्हरला हात जोडून माफी मागितली आणि स्वतः प्लग लावला. सर्व्हिसेस एकेक करून सुरू झाल्या, पण कोटेशन काही पोचेना. समोरच्या कंपनीचा सर्व्हर उत्तरच देत नव्हता. सुमेधने पुन्हा पाठवून पाहिलं.

तेवढ्यात त्याच कंपनीच्या मालकांचा शेठना फोन आला.



"शेठ, तुमचा तो सुमेध मोकळा आहे का हो? सकाळी हार घातल्यापासून आमचा सर्व्हर गप्पच आहे."