पहारेकरी

कुणीतरी लपवलेला डबा फोनवरच्या बाणामागे जाऊन शोधायचा आणि आतल्या कागदावर आपलं नाव लिहायचं, या खेळातला ट्रूडीचा हा पहिलाच डबा. ऑरेगनच्या माळावर त्या सकाळी इतकी थंडी होती की बोटं वळत नव्हती. बाण एका खडकाच्या कपारीपाशी थांबला. ट्रूडी वाकली आणि किंचाळत मागे पडली. आत डब्याशेजारी वेटोळं घालून खुळखुळ्या साप बसला होता.

"अगं बावळट, रबरी आहे तो!" वेंडेलमामा हसत सुटला. "फोनवर लिहिलंय ना, डब्यावर रबरी साप पहारा देतो म्हणून! शाळा सोडताना नाही घाबरलीस, आणि रबराला घाबरतेस?"

"मामा, नको ना हात घालू! त्याचे डोळे बघ."

मामाने डबा ओढून तिच्याकडे फेकला. साप हललासुद्धा नाही.

"बघितलंस? तू नाव लिही. मी याला गळ्यात घालतो, मग फोटो काढ माझा," म्हणत त्याने कोपरापर्यंत हात आत घातला.

ट्रूडीने झाकण उघडलं.



आत कागद होता, पेन्सिल होती आणि गुंडाळून ठेवलेला रबरी साप होता.