हिरवा दिवा

मतदानाच्या फलकावर वेंडेलचा हिरवा दिवा सोडून बाकी सगळे दिवे लाल लागले. त्याला हसू आले.

पाव शतकापूर्वी, अमेरिकेतल्या या लहान राज्याच्या विधानसभेत तो नवा आला, तेव्हाही असेच झाले होते. नवख्याच्या पहिल्या विधेयकावर सर्वांनी लाल बटण दाबायचे, त्याचा चेहरा उतरू द्यायचा आणि मग हसत हसत एकेक दिवा हिरवा करायचा, अशी इथली रीत होती.

आजचे विधेयक त्याचे शेवटचे होते. ते फेटाळले गेले, तर त्याच्या गावचे रुग्णालय बंद पडणार होते.

“पुरे आता, पोरांनो. करा हिरवे,” तो म्हणाला.

कोणी हसले नाही. शेजारच्या बाकावरच्या जुन्या मित्राने कागदांवरून नजर उचलली नाही.

“खाली बस, वेंडेल. ती थट्टा नव्यांसाठी असते.”