कागदी हातमोजे

दत्तात्रयाचं पत्र उत्तराविना पडून होतं. नातीच्या, अरवाच्या हातातली अडखळणारी कात्री बघताना जलालभाईंना ते पुन्हा आठवलं.

पत्र दापोलीहून जेद्दाला आलं होतं, मुलाच्या, शाहिदच्या, कंपनीच्या पोस्टबॉक्सवर. दत्तात्रय पहिलीपासूनचा मित्र. आता त्याला फोनवर ऐकू येत नव्हतं. त्याने लिहिलं होतं, ‘पहिलीत तू बाकावर माझ्या उजव्या अंगाला बसायचास. लिहिताना तुझं कोपर माझ्या कोपराला लागायचं आणि मी चिडायचो. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते लागेनासं झालं. बाक तोच, जागा तीच. असं का झालं असेल रे? उत्तर स्वतःच्या हाताने लिही. शाहिदकडून टाइप करून पाठवू नकोस.’

कोडं काही सुटलं नाही. शिवाय जलालभाईंचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली, कपाटंच्या कपाटं वाचून काढली, पण चार ओळी लिहायच्या म्हटलं की त्यांना घाम फुटे. असलं अक्षर कुणाला दाखवायचं, म्हणून पत्र उशाखाली गेलं.

जेद्दात डिसेंबर म्हणजे एसी जरा कमी करायचा, एवढंच. तरी केजीच्या टीचरने मुलांना लोकरी हातमोज्यांचं चित्र दिलं होतं. दोन्ही मोजे कापायचे, शेजारी शेजारी चिकटवायचे. कापण्या-चिकटवण्याने बोटांना वळण लागतं म्हणे. अरवाच्या बोटांना ते लागत नव्हतं. तिचा स्नोमॅन मानेतच तुटला होता, म्हणून वर्गाच्या भिंतीवर चढला नव्हता. हातात सुधारणा दिसली नाही तर मुलीला आणखी एक वर्ष केजीतच ठेवू, असं टीचरने तिच्या आईला, फरहानाला, बजावलं होतं.

फरहाना नर्स होती. ड्युटीवर निघण्याआधी तिने अरवाच्या उजव्या हातात कात्री नीट बसवली आणि एक मोजा कापून घेतला. तो उंदराने कुरतडल्यासारखा दिसत होता. आई गेल्यावर अरवाने कात्री खाली ठेवली.

“दादा, मेरा हाथ खराब है.”

बाहेर ऊन आहे म्हणावं, तसं तिने ते सांगितलं.   जलालभाईंनी पुस्तक उघडलं.

दोन पानांनी मान वर केली, तर टेबलावर दुसरा मोजा पडला होता. रेघ कुठेही सुटली नव्हती. अंगठ्याचं वळणही गोल आलं होतं. हा कुणी कापला, म्हणून त्यांनी विचारलं. अरवाने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि मान हलवली. तिने नाही.

घरात तर तिसरं कुणी नव्हतं. जलालभाईंचं कुतूहल जागं झालं. त्यांनी कोऱ्या कागदावर आणखी एक मोजा काढून दिला, आपण बघणार नाही असं कबूल केलं आणि तिच्याकडे पाठ करून पुस्तक तोंडासमोर धरलं. समोर बंद टीव्ही होता. काळ्या काचेत अरवा दिसत होती. कात्री सरसर चालली होती. पण कुठल्या हातात? काचेत उजवं-डावं उलटं दिसतं. आपलीच गफलत होत असेल, असं वाटून ते मागे वळले.

कात्री डाव्या हातात होती. दादा बघताहेत म्हटल्यावर अरवाने ती झटकन उजव्या हातात घेतली.

ती घाई जलालभाईंच्या ओळखीची होती. त्यांना लहानपणची आपली आई आठवली, सुई-दोरा घेऊन बसलेली. तिच्या मांडीवर त्यांचा शाळेचा सदरा. त्याच्या डाव्या बाहीचं तोंड ती शिवून बंद करत होती. बाहेर दिवाळीच्या सुट्टीतल्या पोरांचे फटाके वाजत होते.

फरहाना परत आली तेव्हा त्यांनी तिला तिन्ही मोजे दाखवले आणि काय पाहिलं ते सांगितलं. तिने मोजे टेबलावर ठेवले.

“अब्बा, ही सवय लागली तर जेवतानाही तोच हात पुढे येईल.”

जलालभाई सुनेशी कधी वाद घालत नसत. आज मात्र बोलले.

“जेवण उजव्याच हाताने. त्यात बदल नाही. पण कात्री खायची नसते, फरहाना.”

 फरहानाला हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी तिने टीचरला गाठलं. आठवड्याने अरवाचे हातमोजे भिंतीवर लागले आणि वर्ष वाया घालवण्याची भाषा थांबली.

सुट्टी लागली. आजोबा-नात रोज टेबलाशी बसू लागले. अरवा कापायची. जलालभाई डाव्या हातात पेन्सिल धरून अक्षरं गिरवायचे, खोडायचे, पुन्हा गिरवायचे. त्यांना किती वेळ लागतो, म्हणून अरवा हसायची.

एका सकाळी त्यांनी तिच्याकडून एक कागदी मोजा मागून घेतला, त्यावर एकच ओळ लिहिली आणि पाकीट तिला चिकटवायला दिलं. अल अझीझियाच्या पोस्टात तिनेच ते खिडकीतून आत सरकवलं.

दापोलीला निघालेल्या त्या मोज्यावर लिहिलं होतं, ‘दत्ता, जरा सरकून बस. कोपर लागेल.’