रीमच्या उरलेल्या ओळी

फाइलमध्ये आता एकच ओळ होती, आणि ती ओल्फाची होती. वरचं सगळं गेलं होतं.

तिनं नौफलला फोन लावला. हा तिचा मामेभाऊ, स्फाक्स शहरातल्या कॉलेजात पायथन ही संगणकाची भाषा शिकवायचा.

"फाइल उघडताना कुठलं अक्षर घातलंस?" त्यानं विचारलं.

"डब्ल्यू. लिहायचंच होतं ना."

"डब्ल्यू आधीचं सगळं पुसतं गं, मग लिहू देतं. भर घालायची तर ए. नक्कल काढलीस ना?"

नव्हती काढली.

रीम, तिची थोरली बहीण, परदेशात, ल्योंच्या इस्पितळात वारली, तेव्हा वडील बशीर हृदयाच्या शस्त्रक्रियेतून नुकते उठले होते. त्यांना धक्का सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून घरच्यांनी बातमी लपवली. रीमनं आधीच त्यांच्यासाठी एका फाइलमध्ये खूप ओळी लिहून ठेवल्या होत्या. तिच्या सामानाबरोबर घरी आलेला लॅपटॉप दर सकाळी पुढची ओळ वाचायचा आणि तिच्या नावानं त्यांच्या फोनवर धाडायचा. 'बाबा, आज ट्राम चुकली.' 'बाबा, इथल्या संत्र्यांना चवच नाही.' ओळी संपत आल्या, तेव्हा खाली आपल्या जोडायच्या म्हणून ओल्फा पायथन शिकायला बसली होती. रीमच्या पुढच्या ओळी तिनं मुद्दाम वाचल्या नव्हत्या. आता त्या कुणीच वाचणार नव्हतं.

सकाळी ओल्फाची ओळ गेली. 'बाबा, आज छान ऊन पडलंय. गोळ्या वेळेवर घ्या.'

बशीर कॉफी घेत होते. एरवी ओळ आली की ते ती मोठ्यानं वाचून दाखवत. आज त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

"रीमला माझ्या गोळ्या कधी आठवल्या?" ते म्हणाले. "हे तू लिहिलंस."

ओल्फा त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसली.

"जायच्या आधी तिनं मला फोन केला होता, पोरी. सगळं सांगितलं."

"मग तुम्ही इतके दिवस..."

"तिनंच बजावलं होतं. म्हणाली, 'मी गेल्यावर ओल्फा खचेल, बाबा. रोज ओळ आली की तिला मोठ्यानं वाचून दाखवा.'"